पेनल्टी शूटआउटमधील खेळाडूंची निवड

पेनल्टी शूटआउटमधील खेळाडूंची निवड ही फुटबॉलमधील एक डावपेचात्मक प्रक्रिया आहे. बाद फेरीचा सामना निर्धारित वेळेत, तसेच स्पर्धेच्या नियमांत तरतूद असल्यास अतिरिक्त वेळेतही बरोबरीत सुटला, तर विजेता ठरवण्यासाठी दोन्ही संघ आळीपाळीने पेनल्टी किक घेतात. या किक कोणी घ्यायच्या, कोणत्या क्रमाने घ्यायच्या आणि गोलपोस्टसमोर कोणाला उभे करायचे, हे निर्णय या प्रक्रियेत येतात. मराठी वृत्तपत्रांत पेनल्टी शूटआउटला 'टायब्रेकर' असेही म्हटले जाते. निवडीचा अंतिम अधिकार बहुधा मुख्य प्रशिक्षकाकडे असतो. मात्र कर्णधार, गोलरक्षक प्रशिक्षक, विश्लेषक आणि स्वतः खेळाडू यांचे मतही त्यात विचारात घेतले जाते.

इतिहास

पेनल्टी शूटआउटची पद्धत रूढ होण्यापूर्वी बरोबरीत सुटलेल्या सामन्यांचा निकाल पुन्हा सामना खेळवून, चिठ्ठ्या टाकून किंवा नाणेफेकीने लावला जात असे. १९६८ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांच्यातील उपांत्य सामन्याचा निकाल नाणेफेकीने लागला. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये इस्रायलचा संघ बल्गेरियाविरुद्ध चिठ्ठीवर स्पर्धेबाहेर गेला. त्यानंतर इस्रायलच्या योसेफ डागान यांनी पेनल्टी किकवर निकाल लावण्याची कल्पना पुढे मांडली. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल असोसिएशन मंडळाने १९७० मध्ये ही पद्धत स्वीकारली. त्याच वर्षी ५ ऑगस्ट रोजी इंग्लंडमधील वॉटनी चषकात हल सिटी आणि मँचेस्टर युनायटेड यांच्यात पहिले व्यावसायिक शूटआउट झाले. त्यात जॉर्ज बेस्टने पहिला गोल केला, तर डेनिस लॉ हा किक वाया घालवणारा पहिला खेळाडू ठरला.

१९७६ च्या युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाच्या अँतोनिन पानेन्काने पश्चिम जर्मनीविरुद्ध निर्णायक किक घेताना चेंडू हलकेच उचलून गोलच्या मध्यभागी टाकला. तेव्हापासून अशा किकला 'पानेन्का' हे नाव मिळाले. विश्वचषकातील पहिले शूटआउट १९८२ मध्ये पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स यांच्यातील उपांत्य सामन्यात झाले.

सुरुवातीच्या काळात सामना संपल्यावर मैदानातच खेळाडूंना विचारून यादी तयार केली जाई. पुढे प्रतिस्पर्ध्यांच्या किकच्या नोंदी, चित्रफिती आणि सरावातील आकडेवारी उपलब्ध होऊ लागली, तशी ही निवड सामन्यापूर्वीच्या तयारीचा भाग बनली.

निवडीवर बंधन घालणारे नियम

कोणाला निवडता येईल, यावर खेळाच्या दहाव्या नियमाने काही मर्यादा घातल्या आहेत.

• सामना संपताना मैदानावर असलेले, किंवा दुखापतीवरील उपचारांसारख्या कारणाने तात्पुरते मैदानाबाहेर गेलेले खेळाडूच पात्र असतात. आधीच बदललेला किंवा मैदानाबाहेर काढलेला खेळाडू किक घेऊ शकत नाही.
• दोन नाणेफेकी होतात. पहिलीने कोणत्या गोलकडे किक घ्यायच्या हे, तर दुसरीने कोणता संघ आधी किक घेणार हे ठरते.
• प्रत्येक संघाला पाच किक मिळतात. उरलेल्या किकमध्येही प्रतिस्पर्ध्याला गाठणे शक्य नाही असे स्पष्ट होताच शूटआउट थांबते.
• पाच किकनंतरही बरोबरी राहिल्यास 'सडन डेथ' सुरू होते. यात प्रत्येकी एक किक घेतली जाते आणि एकाने गोल केला व दुसऱ्याने केला नाही की सामना संपतो.
• सर्व पात्र खेळाडूंनी एकेक किक घेतल्याखेरीज कोणालाही दुसरी किक घेता येत नाही. यात गोलरक्षकाचाही समावेश होतो. दुसऱ्या फेरीत क्रम बदलता येतो.
• क्रम ठरवणे ही संघाची जबाबदारी असते. तो पंचांना आधी कळवावा लागत नाही, त्यामुळे परिस्थिती पाहून तो ऐनवेळी बदलता येतो.
• एका संघाचे खेळाडू कमी असल्यास दुसऱ्या संघालाही आपली संख्या तेवढीच करावी लागते. त्यामुळे दुबळा नेमबाज वगळण्याची संधी मोठ्या संघाला मिळू शकते.
• शूटआउट सुरू झाल्यावर सामान्यतः खेळाडू बदलता येत नाही. गोलरक्षक खेळू शकत नसेल आणि संघाचे बदल शिल्लक असतील, तर मात्र त्याच्या जागी नवा गोलरक्षक येऊ शकतो. मैदानावरील कोणताही पात्र खेळाडू गोलरक्षकाशी जागा बदलू शकतो.

पहिल्या नियमाचा परिणाम असा की शूटआउटची खरी निवड सामना सुरू असतानाच घडते. थकलेल्या आघाडीपटूला ८० व्या मिनिटाला बाहेर बोलावणारा प्रशिक्षक एक संभाव्य नेमबाजही गमावत असतो.

निवडीचे निकष

पेनल्टी स्पॉट गोलरेषेपासून ११ मीटरवर असतो आणि गोल ७.३२ मीटर रुंद व २.४४ मीटर उंच असतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू हे अंतर सुमारे ०.४४ सेकंदात कापतो. एवढ्या वेळात चेंडूची दिशा पाहून झेप घेणे गोलरक्षकाला कठीण जाते. म्हणून त्याला बऱ्याचदा आधीच अंदाज बांधावा लागतो. अचूक आणि जोरकस किक अडवणे जवळजवळ अशक्य असल्याने निवडीत पुढील बाबी पाहिल्या जातात.

तंत्र : काही खेळाडू धाव सुरू करण्यापूर्वीच कोपरा ठरवतात आणि गोलरक्षकाकडे लक्ष देत नाहीत. काही जण शेवटच्या क्षणापर्यंत गोलरक्षकाची हालचाल पाहून दिशा ठरवतात. दुसरी पद्धत फसवी असली तरी तिला शांत चित्त आणि नियमित सराव लागतो. पेनल्टीचा फारसा अनुभव नसलेल्या खेळाडूला पहिली पद्धत सोयीची असते.

थकवा व दुखापत : १२० मिनिटांनंतर पायांत गोळे आलेल्या खेळाडूची किक भरकटू शकते. एरवी संघाच्या पेनल्टी घेणारा खेळाडूही अशा वेळी यादीतून वगळला जातो.

मानसिक तयारी : 'किक घेशील का?' या प्रश्नाला खेळाडू कसा प्रतिसाद देतो, याला अनेक प्रशिक्षक महत्त्व देतात. मात्र होकार हा कौशल्याचा पुरावा नसतो आणि क्षणभर थांबणे म्हणजे भीती असेही नसते.

पूर्वीची कामगिरी : क्लब आणि राष्ट्रीय संघाकडून घेतलेल्या किक तसेच सरावातील नोंदी पाहिल्या जातात. बहुतेक खेळाडूंनी प्रत्यक्ष सामन्यांत मोजक्याच पेनल्टी घेतलेल्या असतात. त्यामुळे दोन-तीन किकच्या यशापयशावरून काढलेला निष्कर्ष भरवशाचा नसतो.

प्रतिस्पर्धी गोलरक्षक : तो कोणत्या बाजूला अधिक झेपावतो, किती वेळ थांबतो, त्याची उंची व पोहोच किती, यावरून डाव्या आणि उजव्या पायाच्या खेळाडूंची सांगड घातली जाते.

निवडीच्या पद्धती

निवडीच्या साधारणतः दोन पद्धती दिसतात. पहिलीत खेळाडू स्वेच्छेने पुढे येतात. २०२२ च्या कतार विश्वचषकात जपानचे प्रशिक्षक हाजिमे मोरियासू यांनी क्रोएशियाविरुद्ध हाच मार्ग स्वीकारला. ताकुमी मिनामिनो पहिल्या किकसाठी स्वतःहून पुढे आला, पण त्याची किक अडवली गेली आणि जपान १-३ ने हरला. या पद्धतीत खेळाडूच्या इच्छेचा मान राखला जातो. परंतु कोणीच पुढे न आल्यास अमूल्य वेळ जातो आणि संघाची चलबिचल प्रतिस्पर्ध्यालाही दिसते.

दुसऱ्या पद्धतीत प्रशिक्षक आधीच यादी तयार ठेवतो. यामुळे मैदानावरील संभ्रम टळतो आणि अपयशाची जबाबदारी एकट्या खेळाडूवर न राहता प्रशिक्षकाकडे जाते. युरो २०२४ च्या उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंडने स्वित्झर्लंडविरुद्ध पाचही किकवर गोल केले. त्यांपैकी कोल पामर, आयव्हन टोनी आणि ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड हे तिघे बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरले होते.

शेवटच्या मिनिटाला खास शूटआउटसाठी बदली खेळाडू उतरवण्याचे परिणाम संमिश्र आहेत. २०२२ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा पाउलो दिबाला असाच आला आणि त्याने गोल केला. त्याच स्पर्धेत मोरोक्कोविरुद्ध अतिरिक्त वेळेच्या अखेरीस उतरलेल्या स्पेनच्या पाब्लो साराबियाची किक मात्र गोलखांबावर आदळली. सामन्याच्या लयीत नसलेल्या खेळाडूचा चेंडूला होणारा पहिला महत्त्वाचा स्पर्शच पेनल्टीचा असणे, ही यातील जोखीम होय.

क्रमाचा प्रश्न

प्रत्येक खेळाडूची गोल करण्याची शक्यता कोणत्याही क्रमांकावर सारखीच राहते असे मानले, तर पहिल्या पाच किकपुरता क्रमाने काही फरक पडत नाही, कारण विजेता पाच किकच्या एकूण गोलांवरच ठरतो. शूटआउट लवकर थांबले तरी विजेता बदलत नाही. म्हणजे गणिताच्या दृष्टीने 'कोणते पाच' हा प्रश्न 'कोणत्या क्रमाने' यापेक्षा महत्त्वाचा आहे. क्रमाला महत्त्व येते ते दडपणामुळे, कारण प्रत्येक किकवरील ताण सारखा नसतो.

पहिली किक संघाचा सूर ठरवते, असे मानून अनेक संघ आपला सर्वोत्तम खेळाडू प्रथम पाठवतात. २०२२ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात किलियन एम्बापे आणि लिओनेल मेस्सी या दोघांनीही आपापल्या संघाची पहिली किक घेतली. याउलट टिम मॅकगॅरी आणि इयन फ्रँक्स यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच जणांना चढत्या गुणवत्तेने, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूला पाचव्या क्रमांकावर ठेवण्याची शिफारस केली.

पाचव्या क्रमांकाचा धोका असा की तो येण्यापूर्वीच निकाल लागू शकतो. युरो २०१२ च्या उपांत्य सामन्यात पोर्तुगालने क्रिस्तियानो रोनाल्डोला पाचव्या किकसाठी राखून ठेवले होते. स्पेनने ४-२ असा विजय मिळवला तेव्हा रोनाल्डोची पाळी आलेलीच नव्हती.

सहाव्या आणि पुढील क्रमांकांकडे अनेकदा दुर्लक्ष होते. वास्तविक सडन डेथमध्ये हेच खेळाडू सामना ठरवतात. १९९६ च्या युरो उपांत्य सामन्यात इंग्लंडकडून सहावी किक घेणाऱ्या बचावपटू गॅरेथ साउथगेटची किक जर्मनीच्या गोलरक्षकाने अडवली आणि इंग्लंड स्पर्धेबाहेर गेला. २०२२ च्या इंग्लिश लीग चषकाच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलने चेल्सीला ११-१० ने हरवले. तेथे निर्णायक ठरल्या त्या दोन्ही गोलरक्षकांनी घेतलेल्या अकराव्या किक.

गोलरक्षकाची निवड

काही प्रशिक्षक नेहमीच्या गोलरक्षकाऐवजी पेनल्टी अडवण्यात तरबेज असलेल्याला शूटआउटसाठी उतरवतात. २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सचे प्रशिक्षक लुई व्हान गाल यांनी कोस्टा रिकाविरुद्ध अतिरिक्त वेळेच्या अखेरच्या क्षणी टिम क्रुलला मैदानात आणले. त्याने दोन किक अडवल्या. पुढच्याच फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध बदल शिल्लक नसल्याने हा डाव पुन्हा खेळता आला नाही आणि नेदरलँड्स हरला. जून २०२२ मध्ये विश्वचषक पात्रतेच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाने पेरूविरुद्ध अँड्र्यू रेडमेनला असेच उतरवले व ५-४ असा विजय मिळवला. या डावासाठी एक बदल अखेरपर्यंत राखून ठेवावा लागतो.

भारतातील उदाहरणे

मुंबई सिटी विरुद्ध एफसी गोवा, २०२१ : इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीतील हा दुसरा सामना ८ मार्च २०२१ रोजी गोव्यातील बांबोळी येथे झाला. पहिला सामना २-२, तर दुसरा गोलशून्य बरोबरीत सुटला. अतिरिक्त वेळ संपत आली असताना दोन्ही प्रशिक्षकांनी गोलरक्षक बदलले. मुंबईचे सर्जिओ लोबेरा यांनी अमरिंदर सिंगच्या जागी फुरबा लाचेनपाला, तर गोव्याचे हुआन फेरांदो यांनी धीरज सिंगच्या जागी नवीन कुमारला उतरवले. शूटआउट सडन डेथपर्यंत लांबले. अखेरीस गोव्याच्या ग्लॅन मार्टिन्सची किक वाया गेली आणि मुंबईकडून खेळणाऱ्या, मूळच्या गोव्याच्याच रोवलिन बोर्जेसने गोल करून ६-५ असा विजय मिळवून दिला. मुंबईने पुढे अंतिम सामनाही जिंकला. दोन्ही संघांनी एकाच वेळी गोलरक्षक बदलल्याचे आणि मध्यरक्षकांनी निकाल ठरवल्याचे हे लक्षणीय उदाहरण आहे.

एफसी गोवाला २०१४ च्या पहिल्या हंगामातही फातोर्डा येथे अ‍ॅटलेटिको दे कोलकाताविरुद्ध उपांत्य फेरीत शूटआउटमध्ये २-४ अशी हार पत्करावी लागली होती. २०२१ च्या ड्युरँड चषकाच्या उपांत्य सामन्यात मात्र याच क्लबने बेंगळुरू एफसीला सडन डेथमध्ये ७-६ ने हरवले आणि पुढे चषक जिंकला.

मुंबई सिटी विरुद्ध बेंगळुरू, २०२३ : १२ मार्च २०२३ रोजी बेंगळुरू येथे झालेल्या उपांत्य सामन्यात मुंबई सिटी ८-९ ने पराभूत झाली. मुंबईचा बचावपटू मेहताब सिंगची किक गुरप्रीत सिंग संधूने अडवली आणि बेंगळुरूचा बचावपटू संदेश झिंगनने विजयी गोल केला. यादीच्या तळातील बचावपटूंनाही पेनल्टीचा सराव का आवश्यक असतो, हे या सामन्यावरून दिसते.

हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स, २०२२ : २० मार्च २०२२ रोजी फातोर्डा येथील अंतिम सामन्यात हैदराबादने ३-१ असा विजय मिळवला. गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याने तीन खेळाडूंच्या किक अडवल्या.

सॅफ अजिंक्यपद, २०२३ : बेंगळुरू येथील या स्पर्धेत भारताने लेबनॉनला ४-२ आणि अंतिम सामन्यात कुवेतला ५-४ असे शूटआउटमध्ये हरवले. दोन्ही वेळा पहिली किक कर्णधार सुनील छेत्रीने घेतली. अंतिम सामन्यात नाओरेम महेश सिंगने सहाव्या किकवर गोल केला आणि गुरप्रीतने कुवेतच्या कर्णधाराची किक अडवली.

महाराष्ट्रातील आंतरराष्ट्रीय सामने

२०२२ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या महिला आशियाई चषकात पुण्याच्या बालेवाडी येथील शिवछत्रपती क्रीडासंकुलात दोन महत्त्वाची शूटआउट झाली. ३० जानेवारी रोजी फिलिपिन्सने चायनीज तैपेईला ४-३ ने हरवून प्रथमच महिला विश्वचषकासाठी पात्रता मिळवली. त्यांची गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनियल हिने किक अडवल्याच, शिवाय स्वतः किक घेऊन गोलही केला. ३ फेब्रुवारीच्या उपांत्य सामन्यात चीनने जपानला ४-३ ने नमवले. ११९ व्या मिनिटाला बरोबरी साधणाऱ्या वांग शानशान हिनेच विजयी किक घेतली. चीनने नंतर विजेतेपद मिळवले.

त्याच वर्षीच्या १७ वर्षांखालील महिला विश्वचषकात नायजेरियाच्या संघाला तीन शूटआउटना सामोरे जावे लागले. नवी मुंबईत अमेरिकेविरुद्ध ४-३ असा विजय, गोव्यात कोलंबियाविरुद्ध उपांत्य सामन्यात ५-६ अशी हार आणि पुन्हा नवी मुंबईत तिसऱ्या स्थानासाठी जर्मनीविरुद्ध ३-२ असा विजय, असा हा प्रवास होता. सुमारे दहा दिवसांत तीनदा शूटआउट खेळणाऱ्या संघापुढे तेच खेळाडू पुन्हा पाठवायचे की बदलायचे, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उभा राहतो, कारण आधीच्या किकच्या चित्रफिती प्रतिस्पर्ध्यांकडे पोहोचलेल्या असतात.

संशोधन

नॉर्वेचे क्रीडा मानसशास्त्रज्ञ गेइर यॉर्डेट आणि सहकाऱ्यांनी मोठ्या स्पर्धांतील शूटआउटचा अभ्यास केला. त्यांच्या मते कौशल्य आणि थकवा यांपेक्षा किकच्या महत्त्वामुळे येणारा ताण यशावर अधिक परिणाम करतो. गोल झाल्यास लगेच विजय मिळेल अशा किकवर खेळाडू बऱ्याच अधिक प्रमाणात यशस्वी होतात. चुकल्यास लगेच पराभव होईल अशा किकवर हे प्रमाण घटते.

प्रथम किक घेण्याचा फायदा होतो का, याबाबत मतभेद आहेत. होसे आपेस्तेगिया आणि इग्नासियो पालासिओस-उएर्ता यांनी २०१० मध्ये प्रथम किक घेणारा संघ सुमारे ६०% वेळा जिंकतो असे मांडले. मार्टिन कोखर व सहकाऱ्यांना २०१२ मध्ये अधिक सामन्यांच्या आधारे असा ठळक फायदा आढळला नाही. हा संभाव्य असमतोल दूर करण्यासाठी २०१७ पासून काही स्पर्धांत टेनिसच्या टायब्रेकसारखा क्रम आजमावला गेला. त्यात एका संघाच्या एका किकनंतर दुसऱ्याच्या सलग दोन किक असत. तो गुंतागुंतीचा ठरल्याने २०१८ मध्ये प्रयोग थांबवण्यात आला.

टीका आणि परिणाम

सांघिक खेळाच्या पराभवाचे ओझे एका व्यक्तीवर येते, ही शूटआउटवरील सर्वांत जुनी टीका आहे. १९९४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात इटलीच्या रॉबेर्तो बाज्जोची किक गोलवरून गेली. त्याआधी इटलीच्या आणखी दोघांच्या किक वाया गेल्या होत्या, तरी तो पराभव मुख्यतः बाज्जोच्या नावाने ओळखला जातो.

युरो २०२० चा अंतिम सामना ११ जुलै २०२१ रोजी वेम्बली येथे झाला. इंग्लंडचे प्रशिक्षक झालेल्या साउथगेट यांनी मार्कस रॅशफर्ड आणि जेडन सँचो यांना शेवटच्या क्षणी उतरवले आणि पाचवी किक १९ वर्षांच्या बुकायो साकाला दिली. तिघांच्याही किक वाया गेल्या व इटली ३-२ ने जिंकला. त्यानंतर या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंवर समाजमाध्यमांतून वर्णद्वेषी हल्ले झाले. सरावातील कामगिरीवरून निवड आपण केली होती, त्यामुळे जबाबदारी आपली आहे, असे साउथगेट यांनी जाहीर केले. पुढे साकाने युरो २०२४ मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध गोल केला. एका अपयशावरून खेळाडूला कायमचे यादीतून वगळू नये, या मताच्या समर्थनार्थ हे उदाहरण दिले जाते.

शालेय आणि स्थानिक स्पर्धा

महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धा जिल्हा, विभाग आणि राज्य अशा टप्प्यांत होतात. गोंदिया जिल्हा नागपूर विभागात मोडतो. बाद पद्धतीच्या स्थानिक स्पर्धांत सामन्यांचा कालावधी कमी असल्याने बरोबरीची शक्यता वाढते आणि निकाल टायब्रेकरवर जातो. अशा पातळीवर चित्रफिती किंवा विश्लेषक उपलब्ध नसतात. मुर्रीसारख्या गावातील शालेय संघाला मात्र पुढील गोष्टी कोणत्याही खर्चाविना करता येतात : सरावाच्या शेवटी, पाय थकलेले असताना, सर्व अकरा जणांकडून किक घेणे, त्यांची वहीत नोंद ठेवणे, मध्यरेषेपासून पेनल्टी स्पॉटपर्यंत एकट्याने चालत जाण्याचा सराव करणे, क्रम सामन्यापूर्वीच ठरवणे, आणि किक चुकलेल्या खेळाडूला संघाने लगेच सामावून घेणे. शेवटची बाब लहान वयात विशेष महत्त्वाची असते, कारण दोषारोपाच्या भीतीने चांगले खेळाडूही पुढच्या वेळी किक घेण्यास कचरतात.

हे सुद्धा पहा

• पेनल्टी किक
• फुटबॉलचे नियम
• इंडियन सुपर लीग
• संतोष चषक
• सुब्रतो चषक